अकराचं कार्ड

शब्दकोशाच्या खोलीत सगळे त्यांना ताई म्हणत, आणि ताईंना नवीचा हेवा वाटत होता. साधासुधा नाही. सकाळी कचेरीचा जिना चढताना तो सुरू व्हायचा आणि संध्याकाळी घरी चपला काढेपर्यंत पुरायचा. नवीला येऊन चार वर्षं झाली होती. एवढ्या काळात माणूस कुठेही जुना होतो, पण ताईंच्या लेखी ती नवीच होती, आणि ताई तिला नवी म्हणत म्हणून हळूहळू सगळेच म्हणायला लागले. यातही पोरीने राग मानला नाही. कुणी विचारलं तर हसून म्हणायची की ताईंनी ठेवलेलं नाव आहे. हे ऐकलं की ताईंचा आणखी तिळपापड व्हायचा.

खोली तिसऱ्या मजल्यावर, लांबोडकी. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, त्यांत कार्डं. एका शब्दाला एक कार्ड. या खोलीचे काही रिवाज होते आणि ते कुठे लिहिलेले नसले तरी मोडायची कुणाची टाप नव्हती. कार्डाच्या दर्शनी बाजूला लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही. प्रत्येक कार्ड दुसऱ्या कुणीतरी तपासायचं आणि मागच्या बाजूला सही करायची. चूक सापडली तर लाल पेन्सिलीने गोल करायचा, उठायचं, लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी जायचं आणि तो चूक दुरुस्त करेपर्यंत तिथे उभं राहायचं. चूक दाखवणाऱ्याने उभं, करणाऱ्याने बसलेलं, म्हणजे कुणाला फार मिजास चढत नाही, असं संपादकांचं म्हणणं होतं. आणि सगळ्यात मोठा रिवाज असा की ज्याचं कार्ड त्याचंच पेन. माणूस नोकरीवर आहे तोवर त्याच्या कार्डातलं अक्षर दुसऱ्याने खोडायचं नाही, मग ते कितीही चुकलेलं असो.

एकोणीस वर्षांपूर्वी ताई या खोलीत आल्या तेव्हा संपादकांनी त्यांना एक वेगळं काम दिलं होतं. इंग्रजी आकड्यांची नावं कुठून आली, याचं एक छोटं पुस्तक. वन, टू, थ्रीपासून थाउजंड, मिलियनपर्यंत. ताई तेव्हा तरुण होत्या आणि हिरव्या शाईने लिहायच्या. सहा महिने त्या आकड्यांच्या मागे लागल्या होत्या. मग मोठ्या कोशाचं काम अंगावर आलं आणि संपादक म्हणाले, आकडे कुठे पळून जात नाहीत. चाळीसेक कार्डं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात गेली, डबा कपाटावर गेला आणि ताई कोशात बुडाल्या. पण वर्षातून एकदोनदा मान वर करून त्या डब्याकडे बघत. आज ना उद्या आपला तो डबा खाली येईल, हे त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

डबा खाली आला, पण नवीच्या टेबलावर.

"ताई, तुमच्याशिवाय कोशाचं पान हलत नाही," संपादकांनी समजावलं होतं. "म्हणून आकडे हिला दिले. तपासणी मात्र तुम्हीच करा."

एवढी गोड चपराक ताईंनी उभ्या आयुष्यात खाल्ली नव्हती. वर संपादकांनी हेही सांगून ठेवलं की पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव एकच जाईल. दोन नावं घातली की चूक कुणाची ते कळत नाही, हा त्यांचा जुना हेका. तपासणाऱ्याचा उल्लेख शेवटच्या पानावर, छपाईचा कागद कुठला हे जिथे लिहितात त्याच्या वर. अजून नक्की काही नाही, कार्डांच्या सगळ्यांसमोरच्या वाचनानंतर बघू, असंही ते म्हणाले. पण नक्की काय ते सगळ्यांना दिसत होतं.

आणि पोरगी काम करायची तीही कशी, तर गाजावाजा न करता गाजवायची. चहाच्या वेळी सगळी खोली तिच्या टेबलाभोवती. विसाला स्कोअर का म्हणायचे? तर स्कोअर म्हणजे खाच. जनावरं मोजताना वीस झाली की काठीवर एक खाच पाडत असावेत. थाउजंड म्हणजे बहुधा फुगलेलं शंभर. मिलियन म्हणजे इटलीतल्या लोकांनी हजाराला 'मोठं' लावून केलेलं मोठं हजार. आणि युरोपात उत्तरेकडच्या काही लोकांचं शंभर तर एकशेवीसचं असायचं. हे ऐकून टंकलेखक एकशेवीसचा पगार मागू लागला आणि सगळे खदाखदा हसले. ताई आपल्या जागेवर चहा पीत होत्या. यातलं एक अक्षर त्यांना नवं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी याच गोष्टी त्यांनी याच खोलीत शोधल्या होत्या, फक्त तेव्हा कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

कचेरीतलं एक वेळ सोसलं असतं. पण नवी घरापर्यंत पोचली.

ताईंचे यजमान घड्याळजी. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं हातभर दुकान. एका संध्याकाळी ते जेवायला बसले ते खुशीतच. म्हणाले, तुझ्या कचेरीतली ती मुलगी आली होती, गजराचं घड्याळ घेऊन. काय हुशार आहे! तासाचे बारीक तुकडे केले ती पहिली वाटणी, ते मिनिट. मिनिटाचे पुन्हा तुकडे केले ती दुसरी वाटणी, आणि लॅटिनमध्ये दुसऱ्याला जे म्हणत त्यावरून सेकंद. तीस वर्षं सेकंदाचा काटा बसवतोय, पण त्याला सेकंद का म्हणतात हे मला आज कळलं.

"मला माहीत होतं," ताई म्हणाल्या.

"हो?" ते म्हणाले. "मग कधी बोलली नाहीस."

ताईंनी पळी जरा जोरात भांड्यावर आपटली आणि विषय संपला. पण त्या दिवसापासून हेव्याला धार आली. आपल्या नवऱ्याला आपल्या माहितीतली गोष्ट परक्या पोरीने सांगावी आणि त्याचे डोळे असे चमकावेत, हे त्यांच्या काही केल्या पचनी पडेना.

शुक्रवारी दुपारी आकड्यांच्या कार्डांचा गठ्ठा तपासणीला आला. नवीने सगळं नव्याने टंकून घेतलं होतं. रबरबँडखाली नेहमीसारखी घडी केलेली चिठ्ठी होती. ही चिठ्ठ्यांची सवय ताईंनीच लावलेली. सुरुवातीला पोरगी काही विचारायला टेबलापाशी यायची तेव्हा ताई मान वर न करता सांगायच्या की कामात आहे, चिठ्ठी ठेव. मग ती इमानाने चिठ्ठ्या ठेवू लागली आणि ताई त्या इमानाने न वाचता खालच्या खणात टाकू लागल्या. काय असणार त्यात? जिभेवरची साखर कागदावर. ही चिठ्ठीही खणात गेली.

ताई वाचायला बसल्या. वन ठीक. टू ठीक. फोर, फाइव्ह, सिक्स, सगळं चोख, कुठे बोट ठेवायला जागा नाही. टेनपर्यंत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा आंबला होता. मग अकरावं कार्ड उचललं. त्यावर लिहिलं होतं की इलेव्हन हा शब्द एक आणि दहा यांच्या जोडणीतून झाला.

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चूक. ढळढळीत चूक. आपल्या अकरामध्ये एक आणि दहा आहेत, लॅटिनमध्येही आहेत, म्हणून इंग्रजीतही असतील असं धरून चालणाऱ्याची चूक. जुन्या इंग्रजांनी दहापर्यंत मोजलं आणि मग हाताची बोटं संपली. पुढे जो राहिला त्याला ते 'उरलेला एक' म्हणाले. तोच इलेव्हन. दहाचं त्यात नावसुद्धा नाही. भाषेत मुरलेल्या माणसाने असली चूक करायची नाही.

लाल पेन्सिल हाताशी होती. गोल करायचा, उठायचं, सहा पावलं चालायचं, उभं राहायचं. ताईंनी पेन्सिलीकडे बघितलं. सोमवारी वाचनाला प्राध्यापक बाई येणार होत्या. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण भाषेच्या बाबतीत त्यांच्या कानातून बारीकशी चूकही सुटत नसे. संपादक मोठ्याने वाचणार, सगळी खोली ऐकणार. आणि चुकलेलं कार्ड आलं की वाचन तिथेच थांबवायचं आणि गठ्ठा परत करायचा, ही संपादकांची पद्धत. अकरापाशी सगळ्यांदेखत नवीची फजिती होणार.

ताईंना आतून उकळ्या फुटल्या. आपल्याला आनंद होतोय याची लाजही वाटली, पण आनंद लाजेपेक्षा बराच मोठा होता. तपासणीची सही आपलीच असेल, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. पण वय झालं, डोळे दुखतात, एखादं सुटतं. त्यांनी अकराच्या कार्डामागे सही केली. मग पुढची कार्डं न वाचताच भराभर सह्या करत गेल्या. आता पुढचं वाचायची गरज काय?

शनिवार-रविवार त्या घरात गुणगुणत होत्या. घड्याळजींनी भिंगातून वर बघत विचारलं, की आज काय विशेष. ताई म्हणाल्या, काही नाही. रविवारी संध्याकाळी मात्र गुणगुणणं आपोआप थांबलं आणि धुतलेली भांडी त्यांनी पुन्हा एकदा धुतली.

सोमवारी लांब टेबलाभोवती सगळे बसले. प्राध्यापक बाई डोळे मिटून ऐकत होत्या. दहापर्यंत त्या दोनदा "छान" म्हणाल्या. संपादकांनी अकरावं कार्ड वाचलं आणि बाईंनी डोळे उघडले.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. मग त्यांनी उरलेल्या एकाची गोष्ट चार वाक्यांत सांगितली आणि म्हणाल्या की आकड्यांच्या पुस्तकात हेच चुकलं तर बाकीचं बरोबर असून उपयोग नाही.

संपादकांनी कार्ड उलटलं. सही वाचली. "ताई, तुमच्या नजरेतून कसं सुटलं?"

ताईंनी वाक्य तयार ठेवलं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत नवी म्हणाली, "कार्ड मी टंकून घेतलं, सर. जबाबदारी माझी." एवढंच म्हणाली आणि खाली बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. ताईंनी ते कान बघितले, आणि शुक्रवारपासून ज्याची वाट बघितली ते समोर आल्यावर त्याची चव त्यांना लागेना.

वाचन थांबलं. गठ्ठा परत गेला. चहानंतर संपादकांनी ताईंना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मुलगी हुशार आहे, पण पाया कच्चा निघाला, ते म्हणाले. पुस्तक तुम्ही हातात घ्या. पहिल्या पानावर नाव तुमचं.

ताई बाहेर आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. एकोणीस वर्षं ज्यासाठी मान वर करून कपाटाकडे बघितलं, ते मिळालं होतं. नाव पानावर कसं दिसेल ते लिहून बघावंसं वाटलं. समोर कोरा कागद नव्हता, म्हणून त्यांनी खालचा खण उघडला. नवीच्या चिठ्ठ्यांची पाठ कोरीच असणार. सगळ्यात वरची घेतली, उलगडली, आणि पाठ शोधता शोधता पोट वाचलं.

"ताई, अकराचं कार्ड तुमच्या जुन्या डब्यातलं आहे, हिरव्या शाईतलं. मला ते चुकलं आहे असं वाटतं, पण तुमचं कार्ड मी कशी खोडू? जसंच्या तसं टंकून घेतलं आहे. तपासताना तुम्हीच बदला, म्हणजे कुणाला कळायचं कारण नाही."

खाली आणखी एक ओळ होती, पण ताईंना पुढे वाचवेना. टंकलेल्या अक्षराला ओळखीचं वळण नसतं. स्वतःचंच वाक्य समोर आलं आणि त्यांनी ते परक्याचं समजून त्यावर दात धरला. तरुणपणीच्या आपल्या चुकीवर त्या दोन दिवस गुणगुणत होत्या. पुढे खरं काय ते त्यांना कळलं होतं, पण डबा कपाटावर आणि त्या खाली. ते कार्ड बदलायला त्या कधी उठल्या नाहीत.

चिठ्ठी फाडून टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. ताईंनी हा विचार केला, नाही असं नाही. चांगला पाच मिनिटं केला. मग उठल्या. नवीच्या टेबलावरच्या डब्यातून अकराचं जुनं कार्ड काढलं. नवी बघत राहिली. ताई ते कार्ड आणि चिठ्ठी घेऊन संपादकांच्या दारात उभ्या राहिल्या, आत न जाता, म्हणजे खोलीला ऐकू जाईल अशा.

"हे कार्ड माझं आहे," त्या म्हणाल्या. "तिने मला चिठ्ठी लिहून कळवलं होतं. मी चिठ्ठी वाचली नाही. आणि चूक माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मी बघितली आणि तिची समजून सोडून दिली."

संपादकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग ते नवीच्या टेबलापाशी जाऊन काहीतरी हळू बोलले, आणि पहिलं पान जिचं होतं तिच्याकडे परत गेलं. ताईंकडे त्यांनी बघितलं नाही. हळूहळू सगळे नवीभोवती जमले. काय मोठ्या मनाची पोर, कुणीतरी म्हणालं. टंकलेखकाने तिच्यासाठी चहा आणला. कबुली ताईंनी दिली होती, छातीवर दगड ठेवून दिली होती, आणि कौतुक चाललं होतं नवीचं. ताईंच्या पोटात पुन्हा दुखलं. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, की अजूनही?

त्यांनी खणातून हिरव्या शाईचं जुनं पेन शोधून काढलं. शाई सुकली होती. पाण्यात निब बुडवून, झटकून, फडक्याला पुसून ते लिहितं केलं आणि जुन्या कार्डावरची ओळ खोडून खाली लिहिलं, की दहा मोजून झाल्यावर उरलेला एक.

खोली रिकामी व्हायला लागली तेव्हा नवी आली. हातात एक कार्ड होतं. तिने ते ताईंपुढे ठेवलं. ट्वेल्व्हचं कार्ड. 'दोन आणि दहा यांच्या जोडणीतून', या शब्दांभोवती लाल गोल होता. मागे शुक्रवारची ताईंची सही.

"चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं," नवी म्हणाली. "बाराचंही तसंच आहे म्हणून." आणि रिवाजाप्रमाणे उभी राहिली.

म्हणजे चार दिवसांत दोनदा वाचायचं अर्ध्यावर सोडलं. ताईंनी पेन उचललं. लिहिताना त्यांना तिचं उभं राहणं जाणवत होतं. शुक्रवारी सहा पावलं चालून त्यांनी जसं उभं राहायचं होतं, तसंच ती उभी होती.

"सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस?" ताईंनी मान खाली ठेवूनच विचारलं.

"तुम्हाला वाचवायला नाही," नवी म्हणाली, आणि तिच्या आवाजात साखर अजिबात नव्हती. "मला राग आला होता. अजून आहे. पण मी इथे आले तेव्हा कार्ड कसं लिहायचं ते त्याच डब्यातून शिकले. ते हिरवं अक्षर सगळ्यांसमोर काढून धरवेना."

ताई लिहीत राहिल्या. दहा मोजून झाल्यावर उरलेले दोन. शाई वाळावी म्हणून त्यांनी कार्डावर फुंकर घातली.

"हे अकरा-बाराचं," ताईंनी शेवटी विचारलं, "आमच्या घरी सांगितलंस का? दुकानात?"

"नाही."

"घड्याळ न्यायला जाशील तेव्हा सांगू नकोस. मी सांगणार आहे."

नवीने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हीच सांगा, ताई. मी सेकंदाचं सांगितलं तेव्हाच ते म्हणाले होते की हे सगळं आमच्या घरात एकीला माहीत असणार. पण ती तिकडे कचेरीत सांगत असेल, घरी तिला वेळ होत नाही."

ताईंनी कार्ड उलटं करून तिच्यापुढे सरकवलं. "सही कर," त्या म्हणाल्या. "आणि आधी पूर्ण वाच."